विज्ञान प्रदर्शनातला ‘लिफ्टर’: उडतो खरा, पण तक्त्यावर काय लिहिलंय?

मंडळी, गेले दोन महिने थिसिसच्या एका चॅप्टरमध्ये डोकं घालून बसले होते, त्यामुळे इकडे शुकशुकाट होता. आज लिहायला बसलेय ती एका चुकीमुळे. चूक माझीच आहे आणि ती एका नववीतल्या मुलाच्या बाबतीत झाली.

हिवाळ्यात एका तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले होते. पीएचडी करणाऱ्यांना अशी बोलावणी अधूनमधून येतात. हॉलमध्ये नेहमीची मंडळी होती: ठिबक सिंचन, सौरचूल, थर्माकोलचा ज्वालामुखी, पाणी भरलं की वाजणारा टाकीचा अलार्म. एका कोपऱ्यात मात्र इतकी गर्दी की आम्हा परीक्षकांनाच वाट मिळेना. टेबलावर स्ट्रॉचा एक त्रिकोण. त्याच्या बाजूंना पोळ्या गुंडाळायचा फॉइल पट्टीसारखा लावलेला, आणि फॉइलच्या थोडं वर, केसासारखी बारीक तांब्याची तार तिन्ही बाजूंनी ताणलेली. तीन कोपरे तंगुसाने टेबलाला बांधलेले. शेजारी जुन्या, पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीचं उघडं सर्किट. मुलाने बटण दाबलं, ‘स्स्स’ असा आवाज आला, झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास आला, आणि तो त्रिकोण उचलला जाऊन तंगूस ताणेपर्यंत हवेत तरंगत राहिला. पंखा नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. पोरं ओरडली. खरं सांगू? मीही मनातल्या मनात ओरडले.

याला ‘लिफ्टर’ किंवा ‘आयनोक्राफ्ट’ म्हणतात. मागच्या भिंतीवर चकचकीत तक्ता होता. मोठ्या अक्षरात ‘गुरुत्वाकर्षणविरोधी यान’, आणि खाली तीन वाक्यं: हे यान गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडते. याला इंधन लागत नाही. भविष्यातील विमाने अशीच उडतील.

आम्ही त्याला पहिला क्रमांक दिला. तो द्यायला हवाच होता, पण ज्या कारणासाठी दिला ते कारण चुकलं. ते कसं, हे सांगण्यासाठी आधी तक्त्याची झडती घेऊ.

पहिलं वाक्य सर्वांत मोठं आहे, आणि ते त्या मुलाच्या डोक्यातून आलेलं नाही. त्याला तब्बल शंभर वर्षांचा इतिहास आहे. टाउनसेंड ब्राउन नावाच्या अमेरिकन संशोधकाला १९२० च्या दशकात असं वाटलं, की जास्त व्होल्टेज दिलेल्या उपकरणावर जे बल येतं त्याचा गुरुत्वाकर्षणाशी काहीतरी संबंध आहे. १९२८ मध्ये त्याला याचं ब्रिटिश पेटंट मिळालं. पुढे उडत्या तबकड्यांच्या चाहत्यांनी हा विषय डोक्यावर घेतला, आणि २००० नंतर इंटरनेटवर घरगुती लिफ्टरची लाट आली तेव्हा ब्राउनचं नाव आणि ‘अँटिग्रॅव्हिटी’ हा शब्द दोन्ही त्याला चिकटूनच आले. आपल्या मुलाने व्हिडिओ पाहिला आणि तक्त्यावर उतरवला, एवढंच.

गंमत अशी की मधल्या काळात याच वस्तूबद्दल सरळ बोलणारा माणूसही होऊन गेला. अलेक्झांडर डी सेव्हर्स्की: पहिल्या महायुद्धात एक पाय गमावलेला रशियन वैमानिक, पुढे अमेरिकेत विमानं बनवणारा. १९६४ मध्ये त्याने ‘आयनोक्राफ्ट’चं पेटंट घेतलं. गुरुत्वाकर्षण वगैरे भानगड नाही. आयन हवेला खाली ढकलतात आणि यान वर जातं, असं त्याचं साधं म्हणणं. पण साध्या म्हणण्याला व्हिडिओत कोण विचारतो!

आता माझ्या कामाशी याचा संबंध सांगते, म्हणजे मी का चिडलेय ते कळेल. माझी पीएचडी कोरोना डिस्चार्जवर आहे. (हो, ‘कोरोना’. २०२० मध्ये नातेवाइकांना विषय सांगताना काय झालं असेल, कल्पना करा.) चंद्रपूर-कोराडीसारख्या औष्णिक वीज केंद्रांत धूर चिमणीत जाण्याआधी त्यातली राख पकडली जाते. तिथे हीच मांडणी असते: बारीक तार किंवा टोकदार सळई, समोर सपाट प्लेट, मध्ये हजारो व्होल्ट. तारेजवळचं विद्युत क्षेत्र इतकं तीव्र असतं की तिथली हवा फुटते आणि आयन तयार होतात. ते प्लेटकडे निघतात आणि जाता जाता हवेला धक्के मारतात. म्हणजे चक्क वारा सुटतो. त्याला आम्ही ‘आयन वारा’ म्हणतो. विद्युतभारित वस्तूजवळ असा वारा अंगाला जाणवतो, हे फ्रान्सिस हॉक्सबीने लंडनमध्ये १७०९ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. माझ्यासाठी हा वारा कधी मदत आहे आणि कधी डोकेदुखी. लिफ्टरसाठी तोच सगळं काही.

पण ‘आयन वारा’ असं नुसतं म्हणून भागत नाही. अँटिग्रॅव्हिटीवाल्यांकडे एक खरोखर चांगला युक्तिवाद आहे, आणि त्याला उत्तर न देता हसणं बरोबर नाही. ते म्हणतात, हिशेब करा: आयनांचा धक्का लिफ्टर उचलायला पुरत नाही, हजारपट कमी पडतो. आणि हे खुद्द अमेरिकन लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेच्या २००३ च्या अहवालात लिहिलंय.

लिहिलंय, हे खरं आहे. तर हिशेब करूनच बघू. त्रिकोणाला २५,००० व्होल्ट दिले, तार आणि फॉइलमध्ये ३ सेंटिमीटर अंतर, आणि करंट ०.२ मिलिअँपिअर असं धरू. आयन तारेपासून सुटला आणि मोकळ्या जागेतून कशालाही न धडकता सुसाट फॉइलवर आदळला, असं मानलं तर सगळ्या आयनांचा मिळून धक्का भरतो जेमतेम अडीच मिलिग्रॅम वजनाएवढा. यान आहे दोन-अडीच ग्रॅमचं. मग हजारपट कमीच की!

पण हवेत मोकळी जागा असते कुठे? दादरच्या पुलावर रात्री दोन वाजता धावत गेलात तर कुणाला धक्का न लागता पलीकडे पोचाल. संध्याकाळी सहाला तोच पूल ओलांडा. पावलोपावली कुणाला तरी ढकलत, रेटत जाल, आणि पुलावर कितीतरी जास्त वेळ अडकाल. आयनाचं सहा वाजताचं असतं. विद्युत क्षेत्राचं बल त्याच्यावर सतत लागू असतं, आणि बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल, हे नववीच्या पहिल्याच धड्यात आहे. सुसाट आयन ३ सेंटिमीटर अंतर सेकंदाच्या सुमारे ०.१५ दशलक्षांशात कापतो. गर्दीतला आयन सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने रखडत जातो, म्हणजे त्याला जवळपास १८० दशलक्षांश सेकंद लागतात. बाराशेपट जास्त वेळ, म्हणून हवेला दिलेला धक्काही बाराशेपट. अडीच मिलिग्रॅमचे झाले तीन ग्रॅम. यान उडालं.

हेच सूत्रात मांडलं तर फार सुटसुटीत दिसतं: बल म्हणजे करंट गुणिले अंतर, भागिले आयनांची मोबिलिटी, म्हणजे ते हवेतून किती सहज सरकतात तो आकडा. गुरुत्वाकर्षण या सूत्रात कुठेच नाही. आणि त्या २००३ च्या अहवालातही दोन अंदाज आहेत. सुसाट आयनांचा अंदाज हजारपट कमी पडतो, पण हवेतून रखडत जाणाऱ्या आयनांचा अंदाज योग्य मापाचा येतो, असं तिथेच म्हटलंय. ते कसं घडतं याचा तपशील लेखकांनी मोकळा ठेवला, आणि लोकांनी पहिलाच अंदाज उचलून पुढे पाठवला. अर्धं वाचायची सवय फक्त परीक्षेच्या आदल्या रात्रीच असते असं नाही! पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, नासासाठी झालेल्या चाचण्यांचा अहवाल आला. व्होल्टेज बदलून, धन-ऋण टोकं बदलून, हवेचा दाब कमी करून त्यांनी बल मोजलं. सगळे आकडे ‘आयन हवेला अनेक टकरा देतात’ या साध्या कल्पनेत बसले.

तुम्हाला अहवाल वाचायचे नसतील तर एक सोपी कसोटी आहे. लिफ्टर आडवा करून दोऱ्याने टांगा. तो बाजूला सरकतो, तारेच्या दिशेला. गुरुत्वाकर्षण तर खाली ओढतं. मग आडव्या दिशेला हा नेमका कोणत्या गुरुत्वाकर्षणाचा विरोध करतोय? दुसरी कसोटी: तारेची आणि फॉइलची जोडणी अदलाबदल करा. ब्राउनच्या म्हणण्याप्रमाणे वस्तू धन टोकाकडे जायला हवी, पण लिफ्टर तरीही बारीक तारेकडेच जातो, कारण हवा फुटते ती तारेजवळ.

दुसऱ्या वाक्यावर मी जास्त वेळ घालवणार नाही. ‘इंधन लागत नाही’, आणि टेबलावर टीव्हीचं सर्किट, त्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये! दोन-अडीच ग्रॅमचं यान उडतंय आणि ते उडवणारं यंत्र किलोभर वजनाचं, जमिनीवर बसलंय. शिवाय २५,००० व्होल्ट आणि ०.२ मिलिअँपिअर म्हणजे ५ वॉट. तीन ग्रॅम उचलायला पाच वॉट. लग्नात फोटो काढणारा ड्रोन तेवढ्या विजेत दहापटीच्या आसपास वजन धरून ठेवतो.

तिसरं वाक्य अर्धवट खरं आहे. एमआयटीतल्या स्टीव्हन बॅरेट यांच्या गटाने २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये एका विमानाबद्दल लिहिलं: पंखांची लांबी ५ मीटर, वजन २.४५ किलो, आयन वाऱ्यावर चालणारं. एका बंदिस्त हॉलमध्ये ते साठ मीटरच्या आसपास उडालं. बातम्यांत ‘स्टार ट्रेकसारखं विमान’ आलं, पण खरी कमाल वेगळीच होती. बॅटरी आणि ४०,००० व्होल्ट तयार करणारं सर्किट दोन्ही विमानातच होतं. जमिनीला जोडलेली वायर नव्हती. आणि ते विमान आयन वाऱ्याने उचललं जात नव्हतं. वारा त्याला फक्त पुढे ढकलत होता, वर उचलण्याचं काम साध्या पंखांचं होतं. म्हणजे ‘अशीच’ उडतील हे काही खरं नाही.

तर तक्ता असा. आता ते, ज्यामुळे मला झोप लागली नाही.

परीक्षण करताना मी त्या मुलाला विचारलं, “हे गुरुत्वाकर्षणविरोधी आहे हे तू कसं तपासलंस?”

तो म्हणाला, “मॅडम, व्हिडिओत तसं सांगितलंय.” मग जरा थांबून, “पण मी तांदूळ लावून बघितलेत.”

“तांदूळ?”

त्याने टेबलाखालच्या दप्तरातून वही काढली. दोनशे पानी, मागच्या बाजूने लिहायला घेतलेली. त्याने यानाखाली कागदाची छोटी पुडी टांगली होती, आणि यान उचलायचं थांबेपर्यंत तिच्यात तांदळाचे दाणे टाकत गेला होता. दर वेळी वीज बंद करून, वायर खाली टेकवून, मग दाणा. शंभर दाण्यांचं वजन गावातल्या सोनाराकडे करून आणलं होतं: १.६ ग्रॅम. पुडीसकट यान २.४ ग्रॅम. तार आणि फॉइलमधलं अंतर ३ सेंटिमीटर असताना ३८ दाणे. ३.५ सेंटिमीटरला ११ दाणे. ४ ला यान उठतच नाही. आणि २.५ समोर आकडा नव्हता, फक्त लिहिलं होतं: “ठिणगी. फॉइल जळाला. काका ओरडले.”

“हे तक्त्यावर का नाही लावलंस?”

“सर म्हणाले, आकड्यांनी तक्ता गिचमिड दिसतो.”

मी “छान, छान” म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. आमच्या हातातल्या गुणपत्रकात मांडणी, सादरीकरण, नावीन्य, उपयुक्तता असे रकाने होते. वहीसाठी रकाना नव्हता. शेऱ्याची जागा होती, ती मी कोरी सोडली. पहिला क्रमांक गेला तो तरंगणाऱ्या त्रिकोणाला आणि ‘गुरुत्वाकर्षणविरोधी’ या शब्दाला. बक्षीस देताना माइकवर तोच शब्द वाचून दाखवला गेला, आणि मी टाळ्या वाजवल्या.

रात्री एसटीत बसल्यावर मोबाइलवर त्याचे आकडे मांडून पाहिले. ३ सेंटिमीटरला यान आणि दाणे मिळून साधारण ३ ग्रॅम. ३.५ ला सुमारे २.५८. व्होल्टेज तेवढंच ठेवून अंतर वाढवलं तर करंट झपाट्याने पडतो, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून बल साधारण अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. ३ ला ३.५ ने भागा आणि ३ ग्रॅमने गुणा: २.५७. चारला येतात २.२५, म्हणजे यानाच्या वजनापेक्षा कमी. ते उठणारच नाही, आणि उठलं नाहीच. तीन आकड्यांवरून सिद्धान्त सिद्ध होत नसतो, एवढं मलाही कळतं. पण तांदूळ आणि सोनाराचा काटा वापरून हे येतंय, मंडळी!

आणि यात आणखी एक गोष्ट दडलीय, जी त्याला माहीत नव्हती. अंतर कमी केलं की बल वाढतं, पण दर वॉटला मिळणारं बल कमी होतं. अंतर वाढवलं की वीज वाचते, पण यान उठत नाही. ही ओढाताण आयन वाऱ्यावर उडू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मानगुटीवर बसलेली आहे. बॅरेट यांच्या गटाने २०१३ मध्ये याच मोजमापांवर शोधनिबंध लिहिला होता: अगदी कमी बलावर त्यांना दर किलोवॉटला ११० न्यूटनपर्यंत मिळाले, पण २०१८ च्या उडणाऱ्या विमानात तो आकडा ५ च्या आसपास आहे. तो फरक हीच या संशोधनाची मुख्य अडचण, आणि दोनशे पानी वहीच्या मागच्या पानांवर तिची सुरुवात होती.

म्हणून माझी तक्रार मुलाबद्दल नाही. ‘उडालं’ हा निकाल नसतो, तो प्रयोगाचा पहिला दिवस असतो. आपली प्रदर्शनं त्याच दिवशी हार घालून मोकळी होतात. मूल मग शिकतं काय, तर गर्दी जमवणारं काम वर लावायचं आणि मोजलेलं दप्तरात ठेवायचं. त्या शिक्षकांनाही मी दोष देत नाही. त्यांनी आमची गुणपत्रकं बरोबर ओळखली होती.

सुरक्षिततेचं मात्र आमच्यापैकी कुणालाच माफ करता येणार नाही. २५,००० व्होल्टची उघडी तार टेबलाच्या कडेपासून हातभर अंतरावर, आणि पुढे पाचवी-सहावीची पोरं रेटारेटी करतायत. “करंट थोडाच आहे, काही होत नाही” असं व्हिडिओत म्हणतात. ते धोक्याचं अर्धसत्य आहे. टीव्हीचं सर्किट थेट घरच्या विजेला जोडलेलं असतं, आणि घरची वीज जीव घ्यायला पुरेशी आहे. बंद केल्यावरही त्यातले कपॅसिटर भरलेले राहतात, आणि पिक्चर ट्यूब स्वतःच एक मोठा कपॅसिटर असते. झटका बसला की माणूस दचकून मागे जातो आणि हात दुसऱ्या कशावर तरी आपटतो. आमच्या प्रयोगशाळेत दार उघडलं की वीज आपोआप तुटते, आणि अर्थिंगची सळई टेकवल्याशिवाय कुणी आत हात घालत नाही. तेही आम्ही वीस-तीस वर्षांची माणसं, एकटं असताना नाहीच. तो मुलगा प्रत्येक दाण्याआधी वायर खाली टेकवत होता. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी शिकवलं होतं म्हणे. हॉलमध्ये सर्वांत शहाणा तोच होता, पण गर्दीतल्या एखाद्याचा हात पुढे गेला असता तर त्याला काय करता आलं असतं? मी परीक्षक होते, मी ते बंद करायला सांगू शकत होते. नाही सांगितलं. तरंगणारा त्रिकोण बघत उभी राहिले.

घरी कुणी हे करून बघायचं म्हणत असेल तर स्पष्ट सांगते: करू नका. शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत, ज्याला हाय व्होल्टेज कळतं अशा मोठ्या माणसासमोर, बंद पेटीत, मर्यादित करंटच्या पुरवठ्यावर करा. आणि प्रदर्शनात प्रत्यक्ष उडवण्यापेक्षा स्वतः काढलेला व्हिडिओ दाखवा, टेबलावर वही उघडी ठेवा.

जिल्हास्तरावर जाण्याआधी त्याच्या शिक्षकांना मी पत्र लिहिलं. पहिलं वाक्य खोडा, वहीतला तक्ता मोठा करून लावा, जोडणी उलटी करून आणि यान आडवं टांगून एकदा बघा, पण आमच्या लॅबमध्ये येऊन. सर मोकळ्या मनाचे निघाले, पुढच्याच शनिवारी दोघं आले. यान आडवं सरकलं तेव्हा मुलगा हसला नाही की काही बोलला नाही; वही काढून तारीख घातली.

निघताना त्याने विचारलं, “मॅडम, अंतर कमी केल्यावर बल वाढतं ना? मग अडीचला ठिणगी का पडली? तीनला का नाही?”

ते पुढच्या पोस्टमध्ये. त्याला म्हटलंय, तोवर तूही विचार करून ठेव.